पुढची बाजू कोणाची?

बेडकाच्या आकृतीत डोक्याकडच्या टोकाला 'अँटिरिअर' म्हणजे 'अग्र' असे लिहिलेले असते. माणसाच्या शरीररचनेच्या पुस्तकात मात्र हाच 'अँटिरिअर' शब्द छाती-पोटाच्या बाजूला लावलेला दिसतो. डोक्याकडून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर एका पुस्तकात 'अग्र महाशिरा', तर दुसऱ्यात 'ऊर्ध्व महाशिरा' होते. विद्यार्थी गोंधळतो. हा गोंधळ त्याचा नाही, तो इतिहासाने निर्माण केलेला आहे.

चालताना जे पुढे असते ते 'अग्र', हा साधा हिशोब. चार पायांच्या प्राण्याचे डोके पुढे असते. उभ्या माणसाची छाती आणि पोट पुढे असते. शब्द एकच, पण शरीराची ठेवण बदलली की अर्थ बदलतो. 'अधर' या शब्दाचेही तेच. अधर म्हणजे खालचा. गाईचे पोट खाली असते, म्हणून पोटाकडची ती अधर बाजू. उभ्या माणसाचे पोट खाली कुठे असते?

एडिंबरो येथे शरीररचनाशास्त्र शिकवणारे जॉन बार्कली यांना ही अडचण जाणवली. १८०३ साली त्यांनी केवळ स्थिती व दिशा दाखवणाऱ्या शब्दांवर एक पुस्तक लिहिले. शरीर उभे असो वा आडवे, शब्दाचा अर्थ बदलू नये, हा त्यांचा आग्रह. त्यांचे बरेच शब्द मागे पडले, पण 'प्रॉक्झिमल' आणि 'डिस्टल' टिकले. हात लोंबता ठेवला तर मनगट कोपराच्या खाली असते, वर उचलला तर कोपराच्या वर जाते. परंतु खांद्यापासून ते कोपरापेक्षा दूरच राहते. म्हणून मनगट नेहमीच 'डिस्टल', म्हणजे दूरस्थ.

पुढे नावांचीच गर्दी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीराच्या भागांसाठी सुमारे ५०,००० नावे वापरात होती. एकेका भागाला अनेक नावे. १८९५ साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या संस्थेने बाझेल येथे सुमारे ५,५०० लॅटिन नावांची यादी मान्य केली. तिच्यात उभा माणूस प्रमाण धरला होता. १९३५ मध्ये येना येथे वेगळा विचार झाला. माणूस आणि प्राणी यांना एकच भाषा लागू व्हावी म्हणून 'अँटिरिअर-पोस्टिरिअर' ऐवजी 'व्हेंट्रल-डॉर्सल', म्हणजे पोटाकडची आणि पाठीकडची, असे शब्द घेतले गेले. तर्क चांगला होता, पण डॉक्टरांची सवय मोडली नाही. १९५५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय यादी ठरली तेव्हा उभा माणूस परत आला. पशुवैद्यकांनी १९६८ मध्ये आपली स्वतंत्र यादी प्रसिद्ध केली. म्हणून आजही पुस्तके दोन प्रकारे बोलतात.

उभ्या माणसाचीही एक ठरावीक ठेवण आहे : चेहरा समोर, हात बाजूला, तळहात पुढे. तळहात पुढेच का? हात समोर धरून तळवा पालथा करा. पुढच्या हातातील दोन हाडे एकमेकांवर तिरपी येतात. तळवा उताणा केला की ती समांतर होतात आणि आतली-बाहेरची बाजू निश्चित सांगता येते. डावे-उजवेही ज्याचे शरीर त्याचेच, पाहणाऱ्याचे नव्हे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर या संकेताला किती मोल आहे, हे वेगळे सांगायला नको.

वर्गात हे शब्द पाठ करून घेण्याआधी एक प्रश्न विचारावा : हे शरीर कोणाचे, आणि ते कसे उभे आहे? उत्तर ठरले की अग्र, पश्च, अधर हे शब्द मुले स्वतःच लावतात. एका मुलाला ताठ उभे करावे, दुसऱ्याला हात-गुडघे टेकवून रांगायला सांगावे, आणि दोघांच्या 'पुढे' काय आहे ते वर्गाला विचारावे. दीडशे वर्षे चाललेला वाद पाच मिनिटांत समजतो.