टूटिंगचा तलाव

१. लेखक ज्याला नुसता ‘टूटिंगचा तलाव’ म्हणतो, तो दक्षिण लंडनमधल्या टूटिंग बेक कॉमन या मैदानाच्या कडेचा उघडा पोहण्याचा तलाव. जुलै १९०६मध्ये तो खुला झाला. १०० यार्ड लांब, ३३ यार्ड रुंद. ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या पोहण्याच्या तलावांत त्याची गणना होते. खोदकाम बेकार मजुरांनी केलं. त्यांच्या हाताला काम मिळावं, ही कल्पना टूटिंगचे धर्मगुरू जॉन हेंड्री अँडरसन यांची. आपल्याकडच्या दुष्काळी कामांवरचे तलाव इथे सहज आठवतील. ‘सर्वांसाठी’ हा लेखकाचा शब्द मात्र बेतानेच घ्यावा: १९३१पर्यंत स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहायला मुभा नव्हती आणि बायकांच्या वाट्याला आठवड्यातला अगदी थोडा वेळ येई. पुढे वर्णन केलेलं थरांच्या केकसारखं कारंजं शोभेचं नव्हे, पाण्यात हवा मिसळण्यासाठी आहे. काठावरच्या कपडे बदलायच्या खोल्यांची रंगीबेरंगी दारं तर आता या तलावाची ओळखच झाली आहेत. पाणी तापवत नाहीत. तरीही १९०६मध्येच स्थापन झालेल्या साउथ लंडन स्विमिंग क्लबचे सभासद भर थंडीत पोहतात आणि नाताळच्या सकाळी शर्यतही लावतात. २००६मध्ये इथे थंड पाण्यातल्या पोहण्याची स्पर्धा भरली. अंतर तलावाच्या रुंदीएवढंच, डोकं पाण्याबाहेर ठेवून. त्यामुळे लोकरीची टोपी घालून उतरणारेही दिसतात.