लोखंड भट्टीत जाते, पिशवी नाल्यात का? : महाराष्ट्रातील घरगुती कचऱ्याचा इतिहास

१/ जालना जिल्ह्यात लोहखनिजाची खाण नाही आणि कोळशाचीही नाही. जमिनीखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. तरीही जालना शहर आज ‘स्टील सिटी’ म्हणून ओळखले जाते आणि येथील सळया दूरवरच्या बांधकामांत वापरल्या जातात. या पोलादाचा मुख्य कच्चा माल कोणता? भंगार.

२/ मोडके पलंग, गंजलेले पत्रे, निकामी यंत्रांचे भाग औद्योगिक वसाहतीतील इंडक्शन भट्ट्यांत येतात. सुमारे १६०० अंश सेल्सिअसला लोखंड वितळते, साच्यात ओतले जाते आणि रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडते. लोखंड कितीही वेळा वितळवले तरी पुन्हा लोखंडच राहते.

३/ आता एका घराचा विचार करू. तेथून तुटलेला लोखंडी झारा बाहेर पडतो आणि भाजीची पातळ पिशवीही. झारा अनेक हातांतून जात एखाद्या भट्टीपर्यंत पोहोचतो. पिशवी नाल्यात अडकते, उकिरड्यावर उडते किंवा गाईच्या पोटात जाते. घर एकच असताना दोन वस्तूंच्या नशिबात एवढा फरक कशामुळे पडला, याचा हा धागा.

४/ प्लास्टिकपूर्व काळातील मराठी घरात ‘कचरा’ नावाचा एकच ढीग क्वचितच असे. प्रत्येक पदार्थाची बाहेर पडण्याची वाट वेगळी होती. भाजीची देठे व साली जनावरांपुढे जात. शेण, पालापाचोळा आणि गोठ्यातील केर उकिरड्यात साठे आणि पेरणीपूर्वी खत म्हणून शेतात पडे. चुलीतील राख भांडी घासण्यास उपयोगी पडे. पंगतीतील पत्रावळी आणि द्रोण मातीत मिसळून जात.

५/ ‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ ही म्हण याच जगातली. उकिरड्यालाही केव्हातरी बरे दिवस येतात असे म्हणता येत होते, कारण त्यात साठलेले सारे कुजणारे होते.

६/ धातूची वाट तर भाषेतच उमटली आहे. फुटके तांब्या-पितळेचे भांडे तांबटाकडे ‘मोड’ म्हणून दिले जाई, त्याचे वजन होई आणि तेवढी किंमत नव्या भांड्यातून वजा होई. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आज आपण जुन्या यंत्रांपासून जुन्या कायद्यांपर्यंत सर्वत्र वापरतो.

७/ कपड्यांच्या दोन वाटा होत्या. जीर्ण लुगडी आणि धोतरे यांची गोधडी होई. उरलेले कपडे बोहारीण नेई आणि त्यांच्या बदल्यात भांडे देई. कोणत्या साडीला कोणते पातेले, यावर दारात घासाघीस चाले. ही घासाघीस म्हणजे टाकाऊ वस्तूच्या मूल्याची मोजणीच होती.

८/ या व्यवस्थेचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली, वस्तू जपल्या जात त्यामागे बहुधा टंचाई होती. दुसरी अधिक गंभीर आहे. ज्या घाणीला बाजारात किंमत नव्हती ती उचलण्याचे काम जातिव्यवस्थेने काही समाजांवर लादले होते. मेलेली जनावरे ओढणे, मैला वाहणे, रस्ते झाडणे ही कामे करणाऱ्यांच्या वाट्याला मोबदला अत्यल्प आणि अस्पृश्यता पूर्ण आली. काहींचे घर स्वच्छ राहण्याची किंमत इतरांनी मोजली.

९/ आधुनिक शहरांनी या प्रश्नावर डबा हा उपाय शोधला. १८८३-८४ मध्ये पॅरिसचे प्रशासक यूजीन पूबेल यांनी घरमालकांना कचऱ्याचे डबे ठेवणे बंधनकारक केले. त्यांच्या योजनेत वर्गीकरणही होते : कुजणारा कचरा वेगळा, कागद व चिंध्या वेगळ्या, काच व शिंपले वेगळे. चिंध्या वेचून जगणाऱ्यांनी पोटावर पाय येतो म्हणून विरोध केला. वर्गीकरण फारसे रुजले नाही. डबा मात्र टिकला आणि फ्रेंच भाषेत त्याला पूबेल यांचेच नाव पडले.

१०/ सर्व पदार्थ एका डब्यात टाकण्याची सवय जगभर पसरली. त्याच सुमारास त्या डब्यात एक नवा पदार्थ येऊ घातला होता. १९३३ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत पॉलिथीन अपघातानेच हाती लागले. १९६५ मध्ये स्वीडनमधील एका कंपनीने बंद असलेल्या प्लास्टिक पिशवीचे पेटंट मिळवले. भारतात १९६९ मध्ये ‘इंडियन पेट्रोकेमिकल्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढील दोन-तीन दशकांत पिशवीने खेड्यातील बाजारही गाठला.

११/ भंगाराच्या बाजाराचा नियम साधा आहे : वजनाला भाव. पाच ग्रॅमची एक पिशवी धरली तर किलोभर माल जमवण्यास दोनशे पिशव्या वेचाव्या लागतात. त्या खरकट्याने माखलेल्या असतील तर भाव आणखी घसरतो. शिवाय ‘प्लास्टिक’ हा एक पदार्थ नव्हे. पाण्याची बाटली, तिचे झाकण आणि दुधाची पिशवी यांची प्लास्टिके वेगवेगळी असतात आणि एकत्र वितळवल्यास हलका माल तयार होतो. चिप्सच्या पुड्यात तर अनेक थर चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही.

१२/ हे ज्ञान पुस्तकांत येण्यापूर्वी कचरावेचक स्त्रियांच्या बोटांत होते. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे गाव सोडून शहरांकडे गेली. पुण्यात आलेल्या अनेक दलित स्त्रियांना भांडवल, शिक्षण किंवा ओळख यांपैकी काहीच नसताना जे काम मिळाले ते कचराकुंडीतून विकण्याजोगे वेचण्याचे. कोणता आवाज करणारे प्लास्टिक घ्यावे, कोणते सोडावे, हे त्या स्पर्शाने सांगू शकत.

१३/ १९९० नंतर एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या स्त्रियांशी जोडल्या गेल्या. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात संघटना उभी राहिली : ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. या नावात वर्गीकरणाची यादीच आहे आणि यादीच्या शेवटी ‘कष्टकरी’ हा शब्द आहे.

१४/ पंचायतीचा युक्तिवाद स्पष्ट होता. कचरावेचक भीक मागत नाहीत. त्या शहराचा कचरा कमी करतात, कारखान्यांना कच्चा माल पुरवतात आणि पालिकेचा वाहतूक खर्च वाचवतात. म्हणून त्या कामगार आहेत. नागरिकांकडे त्यांची मागणी होती की सुका कचरा ओल्यापासून वेगळा द्यावा, म्हणजे कुंडीत हात घालावा लागणार नाही. येथे वर्गीकरण हा पर्यावरणाइतकाच प्रतिष्ठेचा प्रश्न झाला.

१५/ याच चळवळीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निर्माण झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. कुंडीजवळ बसणारी स्त्री आता दारावर येऊन कचरा घेऊ लागली. वापरलेली सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, असा आग्रहही याच संस्थेने धरला. उघडताच हाताला काय लागेल, हे वेचणारीला आधी कळावे, एवढाच त्याचा अर्थ.

१६/ कायदा नंतर आला. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि २००० मध्ये शहरी घनकचऱ्याचे नियम झाले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करण्याची जबाबदारी प्रत्येक कचरानिर्मात्यावर टाकली. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची तरतूदही त्यांत होती.

१७/ प्लास्टिकच्या कायद्यामागे एका पुराची आठवण आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तुंबलेल्या गटारांना पिशव्यांचाही हातभार लागल्याची चर्चा झाली आणि २००६ मध्ये राज्याने अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा केला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये, तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, असा दंड ठरला.

१८/ त्या अधिसूचनेतील एक कलम इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. रिकामी दुधाची पिशवी परत घेण्यासाठी तिच्यावर ५० पैसे परतावा छापण्याची तरतूद होती. तांबटाच्या मोडीमागील तत्त्वच येथे नव्या रूपात दिसते : टाकलेल्या वस्तूला भाव द्या, म्हणजे ती रस्त्यावर पडणार नाही. मात्र तांबट मोड नेहमीच्या व्यवहारात घेत असे. पिशवी परत घेणारा दुकानदार तितक्या सहज उभा राहिला नाही.

१९/ या इतिहासातून घरापुरते निघणारे नियम मोजके आहेत. ओले व सुके पहिल्या क्षणापासून वेगळे ठेवावे, कारण नंतर केलेले वर्गीकरण दुसऱ्याच्या हातांनी होते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पिशवीलाच राहू द्यावा, कारण सुटा तुकडा कोणी वेचत नाही. ती धुऊन, वाळवून द्यावी. फुटकी काच, सुया, औषधे आणि बॅटऱ्या वेगळ्या गुंडाळाव्यात. ज्या पुड्याला भंगारात भाव नाही तो शक्यतो घरात आणूच नये. बाजाराला निघताना कापडी पिशवी घेणे हा या यादीतील सर्वांत जुना उपाय.

२०/ जालना नगरपरिषदेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. कचऱ्याचे जे प्रश्न पुण्याने तीस वर्षांपूर्वी अनुभवले ते आता येथेही मोठे होत जातील. पण येथे एक जमेची बाजू आहे. भंगारापासून संपत्ती होते हे या शहराला कोणी शिकवावे लागत नाही. झाऱ्यापासून भट्टीपर्यंतची वाट भंगारवाले आणि वेचणारे यांनी पिढ्यान्‌पिढ्या तयार केली. बाटलीची आणि दुधाच्या पिशवीची तशी वाट घडवायची असेल, तर तिची सुरुवात प्रत्येक घरातील दुसऱ्या डब्यापासून होईल, आणि त्या वाटेवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मोजावे लागेल.