‘इझंट इट?’ची चूक आणि आपला ‘ना?’

‘यू आर कमिंग, इझंट इट?’ असे वाक्य आपल्याकडचा विद्यार्थी बोलला की वर्गात हशा पिकतो आणि वहीत लिहिले तर त्यावर लाल रेघ उमटते. इंग्रजीचा नियम तेथे ‘आरंट यू?’ मागतो, हे खरेच. परंतु तो नियम कसा घडला आणि ही चूक कोठून आली, हे पाहिले तर हसण्याजोगे फारसे उरत नाही, असे आम्हांस वाटते.

नियम असा: विधानातले सहायक क्रियापद घ्यावे, होकार असल्यास नकार व नकार असल्यास होकार करावा आणि कर्त्याचे सर्वनाम जोडावे. ‘ही कॅन स्विम, कांट ही?’ सहायक क्रियापद नसल्यास ‘डू’ची मदत घ्यावी: ‘शी सिंग्ज, डझंट शी?’ हे ‘डू’ या कामावर पहिल्यापासून नव्हते. शेक्सपिअरच्या काळी (१५६४–१६१६) ‘नो यू?’ आणि ‘डू यू नो?’ ही दोन्ही रूपे चालत. पुढे प्रश्न व नकार यांत ‘डू’ स्थिरावले. ‘नॉट’ आखडून क्रियापदाला जोडून लिहिण्याची रीतही सतराव्या शतकात रुळू लागली. आज पाठ करून घेतला जाणारा नियम या दोन घडामोडींनंतर पुरा झाला.

त्यातही एक गंमत आहे. ‘आय ॲम लेट’ला जोड ‘आरंट आय?’ अशी. ‘आय’बरोबर ‘आर’ एरवी कधीच येत नाही! ‘ॲम नॉट’चे आखूड रूप बोलण्यात झिजत गेले, दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात ‘आरंट’मधला ‘र’ ऐकू येत नसल्याने दोन्ही रूपे सारखी वाटू लागली आणि लेखनात ‘आरंट’ शिरले. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये ‘ॲमंट आय?’ अद्याप बोलले जाते.

आता आपल्याकडे पाहा. ‘तू येणार ना?’, ‘त्या गेल्या ना?’, ‘आम्ही सांगितलं होतं ना?’ पुरुष, वचन, काळ बदलले तरी ‘ना’ बदलत नाही. बेळगावात कानी पडणारा कन्नड ‘अल्वा?’, हैदराबादेतला तेलुगू ‘कदा?’, बडोद्यातला गुजराती ‘ने?’, गोव्यातला कोंकणी ‘न्हय?’, इंदूर-ग्वाल्हेरकडचा हिंदी ‘है ना?’ ही सारी याच रीतीची. फ्रेंचांचा ‘नेस पा?’ही तसाच. वेल्सच्या लोकांच्या इंग्रजीतदेखील सरसकट ‘इझंट इट?’ आढळते.

म्हणजे आपले मूल येथे अडाणीपणा करीत नाही. घरची आणि शेजारची रीत ते परक्या भाषेत नेते. परीक्षेत ‘आरंट यू?’च लिहावे, यात दुमत नाही. मात्र शिक्षकांनी फळ्यावर आधी ‘तू येणार ना?’ लिहावे, मराठीत एक शब्द पुरतो आणि इंग्रजीत क्रियापद व सर्वनाम का बदलावे लागते, ते दाखवावे. मग मुलाला नियमही कळेल आणि आपल्या भाषेची लाजही वाटणार नाही.