सुटलेली शाळा पुन्हा भरते

एकदा शाळा सुटली की शिक्षण संपले, असा समज आपल्या समाजात खोलवर रुजला आहे. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो.

पुण्यात जोतीराव फुले यांचे शिक्षण मध्येच थांबले होते; ते मळ्यात काम करू लागले होते. शेजारचे मुन्शी गफ्फार बेग व लिजिटसाहेब यांनी वडिलांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. पुढे १८५५ मध्ये त्यांनी व सावित्रीबाईंनी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी आपल्या घरीच रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्यांना शाळेची वेळ जमत नव्हती. म्हणून शाळेनेच आपली वेळ बदलली.

मुंबईत कुलसूम सयानी यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. पडद्यातील भगिनी वर्गात येऊ शकत नव्हत्या. तेव्हा वर्गच त्यांच्या घरी गेला. पण अक्षरओळख झाली तरी वाचायला काही नसेल, तर प्रौढ माणूस शिकलेले विसरतो. हे ओळखून त्यांनी १९४० मध्ये 'रहबर' हे पाक्षिक सुरू केले. भाषा सोपी हिंदुस्थानी, लिप्या तीन : नागरी, उर्दू व गुजराती.

सारांश, प्रौढांना बुद्धी कमी पडत नाही. सोयीची वेळ, जवळची जागा व समजेल असे वाचन कमी पडते. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी आईची किंवा मोठ्या बहिणीची शाळा अर्ध्यावर सुटली असेल, तर रोज रात्री अर्धा तास तिच्याजवळ पुस्तक घेऊन बसा. गफ्फार बेग यांनी केले ते शेजाऱ्यासाठी. आपल्याला तर घरातच करायचे आहे.