लिमिट पोकरमध्ये दोघेच उरले आणि हातात आली छोटी जोडी: खेळायची की टाकायची?

दुर्रीची जोडी आली की तीन पत्ती खेळणारा खूश होतो आणि पोकर खेळणारा विचारात पडतो. तीन पत्तीत प्रत्येकाकडे तीनच पत्ते असतात, त्यामुळे कुठलीही जोडी बऱ्यापैकी भारी ठरते. टेक्सस होल्डेम या पोकरमध्ये मात्र हातातले दोन आणि टेबलावर उघडणारे पाच अशा सात पत्त्यांतून उत्तम पाच निवडायचे असतात. ते पाच उघडेपर्यंत समोरच्याची मोठी जोडी जमायला भरपूर वाव असतो.

छोटी जोडी म्हणजे साधारण दुर्रीपासून छक्कीपर्यंतची. तिच्याबद्दल एक सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो: टेबलावर तिसरा जुळणारा पत्ता आला, म्हणजे ‘सेट’ लागला, तर खेळा; नाहीतर टाकून द्या. नऊ-दहा जण बसलेल्या टेबलावर हा सल्ला ठीकच आहे. पण स्पर्धेत शेवटी दोघेच उरले असतील आणि खेळ लिमिटचा असेल, तर हाच सल्ला तुम्हाला हळूहळू बुडवतो. का, ते आकड्यांतूनच कळतं.

लिमिट आणि हेड्स-अप म्हणजे काय?

पोकरमध्ये लावलेल्या रकमेला बेट म्हणतात. तीन पत्तीतली चाल म्हणा हवं तर. नो-लिमिट प्रकारात खेळाडू कधीही समोरच्या सगळ्या चिप्स ढकलू शकतो. सिनेमात दिसतो तो हाच. लिमिटमध्ये बेटची रक्कम ठरलेली असते. समजा मर्यादा १,०००/२,००० आहे. मग पत्ते वाटल्यावर आणि पहिले तीन पत्ते उघडल्यावर (फ्लॉप) बेट १,००० चीच, आणि चौथ्या (टर्न) व पाचव्या (रिव्हर) पत्त्यावर २,००० चीच.

दोघेच उरले की त्याला हेड्स-अप म्हणतात. डीलरचं बटण ज्याच्याकडे तो ५०० चा स्मॉल ब्लाइंड भरतो, दुसरा १,००० चा बिग ब्लाइंड. बटणवाला फ्लॉपआधी पहिला बोलतो, पण नंतर प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो, आणि समोरच्याने काय केलं ते बघून ठरवायला मिळणं हा मोठा फायदा असतो.

लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये लिमिट होल्डेमच्या स्वतंत्र स्पर्धा होतात, शिवाय अनेक मिश्र स्पर्धांतही हा प्रकार असतो. आपल्याकडे तो फारसा दिसत नाही; गोव्याच्या कॅसिनोंमध्ये बहुधा नो-लिमिटच चालतं. आणि पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, खेळ कौशल्याचा असला तरी. त्यामुळे खालचा हिशोब खेळ समजून घेण्यासाठी वाचा.

सेटची वाट का बघू नये?

हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट किंवा त्याहून भारी काही लागण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांतून एकदा. नो-लिमिटमध्ये ती एक वेळ इतरांची भरपाई करू शकते, कारण समोरच्याच्या सगळ्या चिप्स एका डावात मिळू शकतात. लिमिटमध्ये ते घडत नाही. कोणी रेझ केलं नाही, तर फ्लॉपपासून शेवटपर्यंत समोरच्याकडून जास्तीत जास्त पाच छोट्या बेट निघतात: एक फ्लॉपची, दोन टर्नच्या, दोन रिव्हरच्या.

वाट बघायलाही वेळ नसतो. कुठलीही जोडी सरासरी १७ डावांत एकदा येते; दुर्री ते छक्कीपैकी एखादी ४४ डावांत एकदा. दोघांत दर दोन डावांमागे प्रत्येकाचे १,५०० ब्लाइंडमध्ये जातात. तुमच्याकडे १५,००० असतील आणि तुम्ही नुसते पत्ते टाकत बसलात, तर २० डावांत खेळ खलास. त्यात स्पर्धेत ब्लाइंड वाढत जातात, हे वेगळंच.

आता दुसरी बाजू बघा. समोरच्याच्या हातात दोन वेगवेगळे पत्ते असतील, तर फ्लॉपवर त्यातला एखादा जुळण्याची शक्यता सुमारे ३२ टक्केच असते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा त्याच्याकडे काहीच नसतं आणि तुमच्याकडे जोडी तयार असते. छोटी का असेना!

३६ टक्क्यांचा हिशोब

समजा बटणवाल्याने रेझ करून २,००० केले आणि तुम्ही बिग ब्लाइंडमधून आणखी १,००० घालून कॉल केलं. पॉटमध्ये ४,००० झाले. फ्लॉपवर सेट लागला नाही आणि तो बेट लावतोय. तुम्ही रिव्हरपर्यंत नुसतं कॉल करत गेलात तर खर्च जास्तीत जास्त १,००० + २,००० + २,००० = ५,०००. शेवटी पॉट १४,००० चा होईल. पाच भागिले चौदा म्हणजे जवळपास ३६ टक्के.

याचा अर्थ शंभरातून ३६ वेळा जिंकलात तरी हे कॉल तोट्याचे नाहीत. ६४ वेळा समोरचा हसत पॉट ओढेल आणि तरीही तुमचं गणित बरोबर असेल. अनेकांना हे पचत नाही. दोन-तीन वेळा हरलं की पुढच्या वेळी फ्लॉपवरच पत्ते टाकले जातात, आणि हुशार प्रतिस्पर्धी हातात काही नसतानाही बेट लावायला मोकळा होतो.

तरी सगळ्या छोट्या जोड्या सारख्या नाहीत. कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध शेवटपर्यंत नेल्यास दुर्रीची जोडी ५०.३ टक्के वेळा टिकते, तिर्रीची ५३.७, चव्वीची ५७, पंजीची ६०.३, छक्कीची ६३.३. दर पायरीला तीनएक टक्के. दुर्री इतकी लुळी का? एक तर समोरच्याची कुठलीही जोडी जमली की ती मागे पडते. दुसरं म्हणजे टेबलच तिला खाऊन टाकतं. टेबलावर नव्वी, नव्वी, छक्की, छक्की, चव्वी आले, तर तुमच्या दुर्रींचा उपयोग शून्य. समोरच्याच्या हातात नुसती राणी असली तरी तो जिंकतो.

फ्लॉप कसा वाचायचा?

तुमच्याकडे चव्वीची जोडी, फ्लॉप राजा-नव्वी-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे. बघून धडकी भरते, कारण दोन पत्ते चव्वीहून मोठे. पण हा फ्लॉप चांगला आहे. समोर राणी-छक्की असेल, तर त्याला वाचवणारे पत्ते सहाच: तीन राण्या, तीन छक्क्या. पुढच्या दोन पत्त्यांत त्यातला एखादा येण्याची शक्यता चारातून एकदा. इथे कॉल करा, कधी रेझही करा.

आता फ्लॉप दश्शी-नव्वी-अठ्ठी घ्या आणि समोर गुलाम-छक्की. अजून त्याचंही काही जमलेलं नाही. पण कोणतीही राणी किंवा सत्ती त्याची सलग पाचांची रांग पूर्ण करते, आणि गुलाम किंवा छक्की आली की त्याची जोडी तुमच्यापेक्षा मोठी. एकूण १४ पत्ते! म्हणजे ‘पुढे’ असूनही तुमची जिंकण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास. त्यात अशा फ्लॉपवर त्याच्याकडे आधीच मोठी जोडी असण्याचाही धोका आहेच. टर्नवर आणखी एक जवळचा पत्ता आला आणि तो बेट लावतच राहिला, तर चव्वी सोडून देण्यात काही वाईट नाही.

एक भ्रम मात्र दूर व्हायला हवा. लिमिटमध्ये बेट लावून समोरच्याला ‘पळवून’ लावता येत नाही. पॉटमध्ये ६,००० असताना तुम्ही १,००० लावले, तर त्याला १,००० घालून ७,००० मिळवायची संधी आहे, म्हणजे सातास एक. सहा पत्त्यांपैकी एखादा लगेच येण्याचं प्रमाण साडेसहास एक आहे. त्याचं कॉल करणं बरोबरच आहे. तुम्ही बेट लावता ती तो जावा म्हणून नाही, तर मागे असलेल्याने पैसे भरावेत म्हणून.

संगणकाने काय केलं?

जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की दोघांचा लिमिट होल्डेम जवळजवळ सुटला आहे. त्यांचा ‘सेफियस’ हा प्रोग्राम सुमारे ४,८०० प्रोसेसरवर ६८ दिवस स्वतःशीच खेळत शिकला. आयुष्यभर त्याच्याशी खेळूनही त्याला हरवता येतं असं खात्रीने सिद्ध करता येणार नाही, इतकी त्याची चूक बारीक आहे.

आपल्या विषयासाठी त्यातल्या दोन गोष्टी मोलाच्या. बटणवर सेफियस नुसतं कॉल जवळजवळ कधीच करत नाही. खेळायचं तर रेझ. आणि बिग ब्लाइंडमध्ये तिर्री किंवा चव्वीसारखी छोटी जोडी असताना तो माणसांपेक्षा खूप जास्त वेळा उलट रेझ करतो. जुन्या खेळाडूंना हे उधळेपणाचं वाटायचं. पण बटणवाला जर बहुतेक पत्त्यांवर रेझ करत असेल, तर त्यातल्या बऱ्याच पत्त्यांपेक्षा चव्वीची जोडी आत्ता पुढे आहे, मग पॉट आत्ताच मोठा का करू नये?

स्पर्धेतलं वेगळेपण

तीन जण उरलेले असताना जपून खेळण्याला अर्थ असतो, कारण दुसरा कोणी आधी बाद झाला तर तुमचं बक्षीस आपोआप वाढतं. दोघे उरले की दुसरं बक्षीस दोघांचंही पक्कं झालेलं असतं; लढाई उरते ती फक्त पहिल्या-दुसऱ्यातल्या फरकाची. इथे प्रत्येक चिपची किंमत सारखी, त्यामुळे वरचा ३६ टक्क्यांचा हिशोब जसाच्या तसा लागू पडतो.

चिप्स कमी असतील तर तो आणखी सोपा होतो. समजा १,०००/२,००० च्या मर्यादेत तुमच्याकडे ६,००० आहेत, बिग ब्लाइंडसकट. बटणवाल्याने रेझ केलं, तुम्ही चव्वीवर कॉल केलं. पॉट ४,०००, तुमच्याकडे ४,०००. आता सगळे घालून शेवटपर्यंत जायला ३३ टक्के पुरतात. फ्लॉपवर पत्ते टाकलेत तर उरलेल्या ४,००० वर पुढचा ब्लाइंड येतोच आहे, आणि त्या वेळी हातात जोडी असण्याची शक्यता पुन्हा १७ मध्ये एकच. म्हणून अशा वेळी फ्लॉपची वाट न बघता आधीच उलट रेझ करणं मला जास्त पटतं.