१६ मे १९७७ : गगनचुंबी हेलिपॅडचा शेवट

मॅनहॅटनमधल्या ५९ मजली पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवर त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास न्यूयॉर्क एअरवेजचे सिकोर्स्की एस-६१ हेलिकॉप्टर उभे होते. पंखे फिरतेच ठेवून प्रवासी चढवले जात होते. अचानक उजव्या बाजूचा चाकांचा दांडा मोडला आणि हेलिकॉप्टर कलंडले. फिरत्या पात्यांनी गच्चीवरच्या चौघांचा बळी घेतला. पात्याचा एक तुकडा खाली रस्त्यावर कोसळून पायी जाणारी एक महिला ठार झाली. त्या बाईचा हेलिकॉप्टरशी काडीचाही संबंध नव्हता, हे विशेष चटका लावणारे. धातू थकल्याने दांडा तुटल्याचे चौकशीत निघाले.

याच न्यूयॉर्क एअरवेज कंपनीने १९५२ मध्ये टपाल आणि १९५३ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू करून शहराभोवतालचे तिन्ही विमानतळ जोडले होते. १९५७ मध्ये पेरी यंग या कृष्णवर्णीय वैमानिकाला नियमित प्रवासी सेवेत उड्डाणाची संधी देण्याचा मानही तिचाच. गच्चीवरची सेवा १९६५ मध्ये सुरू झाली, १९६८ मध्ये थांबली आणि अपघाताच्या जेमतेम तीन महिने आधी पुन्हा सुरू झाली होती. अपघातानंतर ते हेलिपॅड कायमचे बंद झाले. १९७९ मध्ये नेवार्कला आणखी एक अपघात झाला आणि त्याच वर्षी कंपनीनेही गाशा गुंडाळला.