उन्हाळ्यात नीट चालणारा झिजका टायर पावसातच दगा का देतो?

मे महिन्यात हिंगोलीहून नांदेडला जाताना जो टायर गाडी व्यवस्थित थांबवतो, तोच टायर जूनमध्ये, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेगात गाडी थांबवेलच असं नाही. ब्रेक तेच, ड्रायव्हर तोच. मधे फक्त पाऊस पडलेला असतो.

गंमत अशी की, टायरवरची नक्षी कोरड्या रस्त्यासाठी नसतेच. कोरड्या डांबरावर पकड देतं ते रबर. जितकं रबर रस्त्याला टेकेल तितकं बरं, म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांना कोरड्या ट्रॅकवर एकदम गुळगुळीत टायर लावतात. त्यामुळे टायर झिजून गोटा झाला तरी एप्रिल-मेमध्ये ड्रायव्हरला काही जाणवत नाही. "अजून एक सीझन निघतोय की" असं म्हणून विषय पुढे ढकलला जातो. आणि तो पुढचा सीझन नेमका पावसाळा असतो.

नक्षीच्या त्या खाचांचं खरं काम आहे पाणी बाहेर काढणं. सोयाबीनच्या वावरात पाणी तुंबू नये म्हणून चर काढतात ना, तसंच. साधा हिशोब करून बघा. टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, रस्त्यावर पाणी फक्त २ मिलिमीटर आणि गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. अशा वेळी एकेका टायरला दर सेकंदाला साधारण साडेसहा लिटर पाणी वाटेतून हटवावं लागतं. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. त्याची लांबी १५ सेंटिमीटर धरली, तर रबराच्या एका ठिपक्याला रस्त्यावर टेकायला मिळतात सेकंदाचे ८ हजारांश भागसुद्धा नाहीत. तेवढ्यात पाणी हटवून खालचं डांबर पकडायचं असतं.

कारच्या नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. त्या २ मिलिमीटर उरल्या की पाण्याला जायला जागा उरते पाव. वरच्या बारीक चिरा तर त्याआधीच झिजून गेलेल्या असतात. बाहेर न पडलेलं पाणी मग टायरच्या पुढे पाचरीसारखं घुसतं आणि टायरला उचलून धरतं. याला म्हणतात अ‍ॅक्वाप्लेनिंग. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं आणि गाडी वळवली तरी वळत नाही. एबीएसही इथे फारसं कामाचं नाही, कारण ते चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. चाक रस्त्याला टेकलेलंच नसेल तर ते काय करणार? अशा वेळी जोरात ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि टायर पुन्हा टेकायची वाट बघायची.

टायर कोणत्या वेगाला तरंगतो, यात हवेचाही वाटा आहे. 'नासा'च्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरसाठी यावर एक सूत्र मांडलं. त्यानुसार ३२ पीएसआय हवा असेल तर टायर ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास तरंगायला लागतो, आणि हवा २४ वर आली तर ८२ लाच. हे सूत्र रस्त्यावर खाचांपेक्षा जास्त पाणी असतानाचं आहे, आणि कारचा टायर वेगळा असल्यामुळे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत. पण दिशा तीच राहते: हवा कमी, तर धोका लवकर.

आता कायद्याचं बघू. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९४ सांगतो की, कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी, दुचाकी आणि तीनचाकीची ०.८. पण १.६ ला टायर कायद्यात बसतो म्हणजे पावसात सुरक्षित असतो, असं नाही. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनधारकांच्या संघटनेने २०१८ मध्ये ओल्या रस्त्यावर चाचणी घेतली. त्यातल्या झिजलेल्या टायरची खाच ३.२ मिलिमीटर होती, म्हणजे आपल्या मर्यादेच्या दुप्पट. ताशी ९७ किलोमीटरवरून ब्रेक लावल्यावर कारला थांबायला नव्या टायरपेक्षा सरासरी ४३ टक्के, म्हणजे २६ मीटर जास्त अंतर लागलं. नव्या टायरची गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे झिजक्या टायरची गाडी अजून ताशी ६४ च्या वेगात होती. समोर उभा ट्रक असेल, तर पुढचं सांगायला नको.

हिंगोलीत याला आणखी एक पदर आहे. अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्ग १६१ जिल्ह्यातून कनेरगाव नाका, हिंगोली, कळमनुरी, वारंगा फाटा असा जातो. रस्ता रुंद झाला तसा गाड्यांचा वेगही वाढला. पण दोन्ही बाजूंना काळी माती आहे. पेरणीच्या दिवसांत वावरातून निघालेला ट्रॅक्टर चिखलाचे पट्टे डांबरावर ओढत नेतो. ती चिकट माती खाचांत बसली की नवा टायरही काही काळ झिजक्यासारखाच वागतो. त्यातच पहिल्या पावसात उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल पाण्यात कालवून निसरडा थर तयार होतो. म्हणून पहिली सर सगळ्यात फसवी.

गाडी वर्षभर दारात उभी असते, नक्षी नव्यासारखी आहे, तरीही वय बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुनं रबर कडक होतं आणि ओल्या डांबराच्या बारीक खडबडीतपणात नीट रुतत नाही.

दोनच नवे टायर घ्यायची ऐपत असेल तर ते मागे लावावेत. बहुतेक जण पुढे लावतात, कारण पुढचे लवकर झिजतात. पण ओल्या वळणावर मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं अवघड असतं.

तपासायला फार काही लागत नाही. मुख्य खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, त्यांची जागा बाजूवर 'टीडब्ल्यूआय' या अक्षरांनी किंवा छोट्या त्रिकोणाने दाखवलेली असते. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की कायद्याची मर्यादा संपली. पावसाळ्यासाठी मात्र ३ मिलिमीटरलाच बदलायचा विचार केलेला बरा. खाच मोजायला गॅरेजमधल्या व्हर्नियरच्या शेपटीची काडी चालते. शाळेच्या पट्टीने मोजणार असाल तर तिचा शून्य कडेपासून सुरू होत नाही, हे लक्षात ठेवा. आणि फक्त बाहेरची कड बघू नका. अलाइनमेंट बिघडलेली असेल तर आतली कड आधी जाते, ती उभ्या गाडीत दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली बाजू बघा, मागच्यासाठी खाली वाकावंच लागतं.